अपघातात घरचा माणूस गेला तर क्लेम कसा टाकायचा (5 लाखांवर सही करायच्या आधी वाचा)

रस्ता अपघातात घरचा माणूस गेला की पहिले काही आठवडे कुणालाच भान नसतं, आणि नेमके त्याच दिवसांत भरपाईचे सगळे कागद तयार होत असतात, पोलीस पंचनामा करतात, जबाब घेतात, कुणीतरी ओळखीचा एजंट दारात येऊन बसतो. म्हणून मेहुणा असो, चुलतभाऊ असो, घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यायचंच.

सगळ्यात आधी एफआयआरची कॉपी घ्या आणि नीट वाचा. समोरच्या गाडीचा नंबर बरोबर आहे का, चूक कुणाची लिहिलीय. गेलेला माणूस बोलायला नसतो, त्यामुळे कधीकधी त्याच्यावरच हलगर्जीपणाचा गुन्हा लागतो. तसं असेल आणि ते खोटं असेल तर तोंडी सांगून उपयोग नाही, साक्षीदारांची नावं घालून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, एक कॉपी एसपी ऑफिसला द्या आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोहोच घ्या. पुढे कोर्टात तीच पोहोच कामाला येते.

मग घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, समोरच्या गाडीची आरसी (नोंदणीचं पुस्तक), इन्शुरन्स पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याच्या कॉप्या गोळा करा. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला रिपोर्ट आणि 90 दिवसांत सविस्तर रिपोर्ट ट्रिब्युनलला (अपघात भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) द्यायचा असतो, पण त्यावर विसंबून राहू नका, स्वतः मागा.

आता पैशाचं. गाडीला इन्शुरन्स असेल तर दोन रस्ते आहेत. एक मोटार वाहन कायद्याचं कलम 164, चूक कुणाची हे न बघता मृत्यूला 5 लाख. दुसरा कलम 166, ट्रिब्युनलमध्ये रीतसर क्लेम, तिथे समोरच्याची चूक दाखवावी लागते पण रक्कम कमाईवर ठरते. कळकळीने सांगतो, 164 खाली तडजोड करून ते 5 लाख घेतले की 166 चा क्लेम संपतो. दुःखात असलेल्या बाईपुढे "वहिनी, लगेच पैसे मिळतील" म्हणून कागद सरकवला जातो, तेव्हा तिला हे कुणी सांगत नाही!

फरक किती पडतो ते बघा. समजा 34 वर्षांचा माणूस, फिक्स पगार महिना 20 हजार, मागे बायको, दोन मुलं, आई. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे 40 टक्के धरायचे (कायम नोकरी असेल तर 50), झाले 28 हजार. अवलंबून असलेले चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. त्या वयाला 2009 च्या सरला वर्मा निकालातला गुणक (वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं तो आकडा) 16, म्हणजे 40 लाख 32 हजार. वर अंत्यविधी वगैरेचे पैसे वेगळे, आणि क्लेम टाकल्याच्या तारखेपासून व्याजही मिळू शकतं. कुठे 5 आणि कुठे 40! अर्थात गेलेल्याचीही थोडी चूक निघाली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते, आणि सगळी चूक त्याचीच असेल तर 164 चाच आधार.

सगळं कमाईच्या पुराव्यावर अडतं. पगार स्लिप नसेल, गॅरेज होतं, भाजीचा गाळा होता, तर बँक स्टेटमेंट, गुमास्ता लायसन्स, फोनपेच्या एंट्र्या, उधारीची वहीसुद्धा जपून ठेवा, आणि त्याचा मोबाईल फॉरमॅट करू नका, सिम बंद करू नका. गृहिणी गेली असेल तर "कमाई नव्हती" म्हणून गप्प बसू नका, तिच्या घरकामाचं मोल कोर्ट धरतं.

क्लेम अपघाताच्या ठिकाणी टाकता येतो तसा तुम्ही राहता तिथेही, त्यामुळे अपघात पुणे-सोलापूर रोडवर आणि घर लातूरला असेल तर तारखांना पुण्याला जायची गरज नाही. कायद्यात मुदत 6 महिन्यांची लिहिलीय, तेवढ्यात टाकाच, उलटली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडून देऊ नका. वकिलाची फी आधी लेखी ठरवा, कोऱ्या कागदावर सही नको. बाई अर्जदार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं.

गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही तर प्रांत किंवा तहसीलदाराकडे हिट अँड रनचा अर्ज करायचा, मृत्यूला 2 लाख मिळतात. नंतर गाडी सापडली तर क्लेम टाकता येतो, हे 2 लाख त्यातून वजा होतात.

आणि माणूस स्वतःचीच बाईक चालवत होता, एकटाच घसरून गेला, तर घरचे समजतात काहीच मिळणार नाही. त्याच्या पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आहे का बघा, लायसन्स मात्र चालू हवं. पासबुकात मे-जूनच्या सुमारास 20 रुपये कापल्याची एंट्री दिसली तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा, 2 लाख, बँकेत ताबडतोब कळवा. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे सातबारा घेऊन 30 दिवसांच्या आत जायचं. या योजनांचे पैसे घेतले म्हणून ट्रिब्युनलचा क्लेम बंद होत नाही.