टॉपस्पिन २के२५: आधी बटण सोडा, मग गेमला नावं ठेवा

'बरोबर मारलं तरी चेंडू बाहेर जातो.' 'कॉम्प्युटर चुकतच नाही.' 'दुसऱ्या सेटमध्ये आपला खेळाडू लंगडतो.' टेनिसच्या व्हिडिओ गेमची चर्चा सुरू झाली की ही तीन वाक्यं पाठोपाठ येतातच. टॉपस्पिन २के२५ हा गेम एप्रिल २०२४ मध्ये आला, म्हणजे २०११ च्या टॉपस्पिन ४ नंतर तब्बल १३ वर्षांनी. मधल्या काळात ज्यांनी नुसतं बटण बडवायचे टेनिस गेम खेळले, त्यांना हा जड जातो. गेममध्ये दोष आहेत, त्यांच्याकडे येऊच. पण वरच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अंगठ्यात सापडतं.

बटण दाबून धरायची खोड

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक हीच. चार फटक्यांना चार बटणं आहेत. प्लेस्टेशनवर क्रॉस म्हणजे फ्लॅट (सरळ फटका), वर्तुळ म्हणजे टॉपस्पिन (पुढे फिरत जाणारा), चौकोन म्हणजे स्लाइस (खालून कापलेला) आणि त्रिकोण म्हणजे लॉब (डोक्यावरून उंच). बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर कंट्रोल शॉट बसतो. दाबून धरून योग्य क्षणी सोडलं तर पॉवर शॉट. नवशिक्याला पॉवर शॉटचा आवाज आवडतो, त्यामुळे तो सगळेच चेंडू दाबून धरून मारतो. इथून घसरगुंडी सुरू होते.

पॉवर शॉटची किंमत तिहेरी आहे. एक, बटण कधी सोडायचं ते दाखवणाऱ्या वेळेच्या पट्टीतला हिरवा भाग बारीक होतो, म्हणजे थोडं आधी किंवा थोडं नंतर सोडलेलंही खपत नाही. दोन, दम जास्त खर्च होतो. तिसरी किंमत कुणाच्या लक्षातच येत नाही: बटण धरलं की खेळाडूला पळवणारी कंट्रोलरची डावी स्टिक निशाणा धरायच्या कामाला लागते. तोवर पाय चेंडूमागे पोचलेले नसतील तर पुढे ते हवे तसे हलवता येत नाहीत.

रोलाँ गॅरोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या लाल मातीवरचा एक नेहमीचा सामना बघा. नवशिका ४-२ ने पुढे आहे, सर्व्हिसही त्याचीच. समोरून बॅकहँडच्या कोपऱ्यात तिरका चेंडू येतो. तो जाळीवरून येतोय तोवरच याचं बटण दाबलेलं. मातीवर चेंडू टप्पा पडल्यावर उंच उसळतो आणि हळू येतो, म्हणजे दोन पावलं टाकायला वेळ होता. पण स्टिक आता निशाणा धरतेय, त्यामुळे खेळाडू जागच्या जागी अंग ताणून चेंडू गाठतो. पट्टीत 'लेट' (उशीर) उमटतं, चेंडू अर्ध्या कोर्टात मऊ पडतो, समोरचा पुढे येऊन तो संपवतो. पुढच्या पॉइंटला हा चिडून आणखी जोर लावतो, चेंडू बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या पलीकडे. तिसऱ्याला दमाची पट्टी अर्ध्याखाली आलेली असते. ४-२ चं ४-५ व्हायला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि खापर फुटतं गेमवर.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. पहिले काही दिवस पॉवर शॉटला हातच लावू नका. अख्खा सामना टिचकीवर खेळा, बहुतेक टॉपस्पिन, मैदानाच्या मधून खोल. आधी पाय पोचवा, मग बटण. पॉवर शॉट तेव्हाच काढा, जेव्हा चेंडू आखूड पडलाय, तुम्ही थांबलेले आहात आणि दम शिल्लक आहे. तिन्हीपैकी एक जरी नसेल तर टिचकी. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी खुशाल दुसरा गेम घ्यावा.

पट्टीकडे डोळे लावून बसणं हाही याच खोडीचा धाकटा भाऊ. पट्टी खेळाडूच्या डोक्याजवळ, चेंडू समोरच्या कोर्टात. पट्टी बघाल तर पाय उशिरा हलणार. शिकताना ती असू द्या, पण नजर चेंडूच्या टप्प्यावर ठेवा.

रेषेवर निशाणा

स्टिक पूर्ण ढकलून कोपऱ्यात धरून ठेवली की चेंडू रेषेच्या दिशेने सरकतो, आणि वेळ जरा चुकली की बाहेर. हलकी कललेली स्टिकसुद्धा समोरच्याला पुरेसं धावायला लावते.

टीव्हीचा उशीर

वेळेवर चालणारा गेम आणि टीव्ही मात्र सिनेमाच्या मोडवर, ही जोडी घरोघरी दिसते. चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू असेल तर बटण आणि चित्र यांच्यात अंतर पडतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. उशीर १०० मिलिसेकंदांचा असला तर तुम्ही ६ फ्रेम जुना चेंडू बघून फटका मारताय. टीव्हीत गेम मोड चालू करा, 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद करा. ब्लूटूथ हेडफोनही काढून बघा. रॅकेटचा आवाज उशिरा आला की हाताचा ठेका बिघडतो. ऑनलाइन खेळताना वायफायऐवजी केबल लावा. हे सगळं केल्यावरही फटका 'लेट'च येत असेल तर उशीर तुमचाच आहे.

अकादमी टाळणं

अकादमी म्हणजे गेममधले शिकवणीचे धडे, तेही जुना टेनिसपटू जॉन मॅकेन्रोच्या आवाजातले. लोक ते 'नंतर बघू' म्हणून ओलांडतात आणि मग कुणाच्या तरी व्हिडिओखाली विचारत बसतात की स्लाइस कुठल्या बटणाने. आधी करा.

दुसरी सर्व्हिस पहिल्यासारखी

पहिल्या सर्व्हिसला उजवी स्टिक खाली ओढून वर ढकला किंवा बटण धरून सोडा, हवा तेवढा जोर लावा. ती चुकली तर दुसरी टिचकीची किकच. चेंडू उसळून वर येतो, त्यामुळे समोरच्याला खांद्याजवळून परतवावा लागतो. वेग कमी आहे म्हणून लाज वाटायचं कारण नाही, डबल फॉल्टमध्ये (दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला की) वेग शून्य असतो.

करिअरमध्ये विश्रांतीला वेळ नाही

दुसरी मोठी चूक ही, आणि तिचा पत्ता उशिरा लागतो. करिअर, म्हणजे आपला खेळाडू घडवत नेण्याचा गेममधला भाग, महिन्याच्या हिशोबाने चालतं: एक सराव, एक खास कार्यक्रम, एक स्पर्धा. नवखा माणूस तिन्ही खाने भरतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तिन्ही. थकवा चढत जातो. तो चढला की दुखापतीची शक्यता वाढते, आणि दुखापत झाली की खेळाडूच्या क्षमतेचे गुण खाली येतात. मग पायात त्राण नसलेला खेळाडू घेऊन माणूस ग्रँड स्लॅममध्ये उतरतो, पहिल्या फेरीत हरतो आणि 'गेम मुद्दाम हरवतो' म्हणतो.

एक साधी सवय लावून घ्या. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या महिन्यात खास कार्यक्रम सोडून द्या. थकवा अर्ध्याच्या वर दिसला की विश्रांती, मग समोर कितीही मोहाची स्पर्धा असो. स्पर्धा पुढच्या वर्षी परत येते. सामन्यातही तोच न्याय: ४०-० ने मागे असाल तर प्रत्येक चेंडूमागे जीव तोडून धावू नका. तो गेम जाऊ द्या, दम वाचवा. खरे टेनिसपटूही हेच करतात.

गुणांच्या वाटपातली चूकही इथेच येते. गुण आठ प्रकारचे आहेत: सर्व्हिस, फोरहँड, बॅकहँड, व्हॉली, पॉवर, रिफ्लेक्स, वेग आणि स्टॅमिना. सगळे पॉवरमध्ये ओतणारा खेळाडू दोन-चार फटके असे मारतो की बघत राहावं, आणि तिसऱ्या धावेला चेंडू गाठू शकत नाही. आधी पाय म्हणजे वेग आणि स्टॅमिना, मग ज्या बाजूने तुम्ही जास्त मारता ती बाजू, पॉवर सगळ्यात शेवटी. वाटप बदलायला गेममधलं चलन मोजावं लागतं, म्हणून घाईत गुण उधळू नका. प्रशिक्षक निवडतानाही त्याने दिलेली कामं तुमच्या खेळाशी जुळतात का ते बघा. बेसलाइनवर खेळणाऱ्याने जाळीवरचे पॉइंट मागणारा प्रशिक्षक घेतला तर सामने कामं उरकण्यात जातात.

बारीकसारीक

गवतावर स्लाइस विसरू नका, चेंडू खालीच राहतो आणि समोरच्याला वाकावं लागतं. मऊ चेंडू टाकून जाळीकडे धावू नका, डोक्यावरून लॉब येणारच. एकाच कोपऱ्यात चार चेंडू टाकले की पाचव्याला समोरचा आधीच तिथे उभा असतो.

आता गेमचे खरे दोष

इथे मात्र खेळणाऱ्याची चूक नाही. करिअर एकट्याने खेळायचं असूनही इंटरनेट लागतं. नेट गेलं की करिअर थांबलं, आणि उद्या सर्व्हर बंद झाला तर प्रश्न आणखी मोठा. सामन्याला समालोचन नाही, त्यामुळे पाच सेटचा सामना सुनासुना वाटतो. दुहेरी खेळता येते, पण दुहेरीचं करिअर नाही. ज्यांच्या घरी पेस, भूपती, सानिया ही दुहेरीतली नावं निघतात त्यांना हे खुपणारच. पहिल्या यादीत फेडरर, सेरेना, ग्राफ, सांप्रास, अगासी, अल्काराझ, श्वियाँटेक होते, पण जोकोविच आणि नदाल नव्हते. करिअरही काही वर्षांनी तेच ते होतं, पडद्यांची तीच मालिका.

जमेची बाजूही तेवढीच ठाम आहे. चारही ग्रँड स्लॅम आहेत. माती, गवत आणि हार्ड कोर्ट खरंच वेगळे खेळतात. फेडररचा एकहाती बॅकहँड आणि अगासीचा दोन हातांचा, दोघांचं खांदे फिरवणं वेगळं ओळखू येतं. आणि पाय वेळेवर पोचले, टिचकी बरोबर बसली, की टॉपस्पिनचा चेंडू जाळीवरून हातभर उंच जाऊन बेसलाइनच्या आत असा काही खाली येतो की समोरचा मागच्या पायावर जातो. तो चेंडू आखूड परत आला तर आता धरा बटण.