गाण्याचे बोल दाखवणारं ॲप काढताय? आधी हा तक्ता भरा

कोडला हात लावण्याआधी चार रकाने आखा: गाणं, गीतकार, त्याच्या मृत्यूचं वर्ष, आज हक्क (कॉपीराइट) कोणाकडे. शेवटच्या रकान्याशी बहुतेकांची गाडी अडते.

गाणं एक असलं तरी शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. म्हणजे गाणं वाजवायचा परवाना खिशात असला तरी बोल पडद्यावर दाखवायची मुभा त्यात येतेच असं नाही. ‘ॲप फुकट आहे’, ‘खाली गीतकाराचं नाव दिलंय’, ‘मी ऐकून स्वतः टाइप केलंय’ यातलं काहीही परवानगीच्या जागी चालत नाही. नाव द्यावंच, तो वेगळा मुद्दा.

आता वर्षांचा हिशेब. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे गीतकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क टिकतो. भारतात ६०, युरोपीय संघात ७०. समजा एखादा युरोपीय गीतकार मे १९६० मध्ये वारला. मोजणी ते वर्ष संपल्यावर सुरू होते. त्यामुळे भारतात शब्द १ जानेवारी २०२१ ला मोकळे झाले, युरोपात २०३१ उजाडावं लागेल. ॲप दोन्हीकडे न्यायचं असेल तर उशिराची तारीख धरा, नाहीतर स्टोअरच्या यादीतून ते देश वगळा. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर मागाहून गेलेल्याचं वर्ष. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या गाण्यांचं गणित निराळं, तिथे बहुधा प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. पारंपरिक गाणं मोकळं असतं, पण कुणी हल्ली केलेलं त्याचं भाषांतर नसतं.

हक्क शाबूत असेल तर परवाना घ्या. एकेका प्रकाशकाचे उंबरठे झिजवण्यापेक्षा लिरिकफाइंड किंवा म्यूझिक्समॅचसारख्या बोल पुरवणाऱ्या कंपनीकडून एपीआयने (म्हणजे ॲपला त्यांच्या सर्व्हरशी थेट जोडून) बोल घेणं मला शहाणपणाचं वाटतं. सही करण्याआधी करारात इतकं तपासा: कोणते देश, बोल फोनमध्ये साठवता येतात का, भाषांतर किंवा लिप्यंतर चालतं का. ऑफलाइनची सोय देणारे नेमके दुसऱ्या मुद्द्यावर अडकतात. परवाना परवडत नसेल तर गाण्याचं आणि गीतकाराचं नाव दाखवा आणि बोलांसाठी परवाना असलेल्या ठिकाणाचा दुवा द्या.

आणि बोल ॲपच्या फाइलमध्ये कोंबू नका, सर्व्हरवर ठेवा. तक्रार आली की एक ओळ खोडली, काम झालं. फाइलमध्ये असतील तर नवी आवृत्ती काढा, स्टोअरची तपासणी होईपर्यंत थांबा, आणि ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या फोनमध्ये ते गाणं तसंच राहतं.