कोअर डंप वाचताना आधी बिल्ड आयडी जुळवा

लिनक्सवर प्रोग्रॅम क्रॅश झाला की कर्नल त्या क्षणीची मेमरी फाईलमध्ये उतरवून देतं, तो कोअर डंप. तो मिळतच नसेल तर यूलिमिट (प्रोसेसच्या मर्यादा ठरवणारी शेलची कमांड) बघा, कोअरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी 0 असते, ती अनलिमिटेड करा. तरी फाईल दिसत नसेल तर कोअर-पॅटर्न (कोअर कुठे, कुठल्या नावाने ठेवायचा ते सांगणारी कर्नलची सेटिंग) तपासा, आणि सिस्टमडी (सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) असेल तर साठवलेल्या कोअरची यादी दाखवणारी कोअरडंप-सीटीएल लिस्ट चालवा. कंटेनर वापरत असाल तर कोअर-पॅटर्न होस्टचाच लागू होतो, आतून बदलायला जाऊ नका.

आता खरी अडचण. "कोअर जीडीबीत उघडा आणि बीटी मारा" असं जिथे तिथे लिहिलेलं असतं (जीडीबी हा डीबगर, बीटी म्हणजे बॅकट्रेस, क्रॅशपर्यंतच्या फंक्शन कॉलची यादी), पण सोबत बायनरी, म्हणजे बिल्ड केलेली प्रोग्रॅमची फाईल, कुठली द्यायची हे कुणी धड सांगत नाही. कोअरमध्ये मुख्यतः स्टॅक आणि डेटा असतो, फंक्शनची नावं आणि लाईन नंबर येतात बायनरीतून. मी एकदा सर्व्हरवरचा कोअर माझ्या लॅपटॉपवर नव्याने बिल्ड केलेल्या बायनरीसोबत उघडला, कोड तोच होता ना, मग काय फरक पडतो असं वाटलं, आणि दोन दिवस एका निर्दोष फंक्शनमागे लागलो, कारण कंपायलरचं व्हर्जन वेगळं होतं आणि सगळे पत्ते सरकलेले. जीडीबीने वर वॉर्निंग दिली होती की कोअर या बायनरीशी जुळत नसावा. मी वाचलीच नाही. तुम्ही वाचा.

म्हणून बीटीच्या आधी बिल्ड आयडी, म्हणजे बिल्डच्या वेळी बायनरीत लिहिलेली तिची ओळख. बायनरीवर रीडएल्फ ही कमांड एन ऑप्शन देऊन चालवा, म्हणजे साधारण 40 अक्षरांचा हेक्स आकडा मिळतो. कोअरमधला आयडी ईयू-अनस्ट्रिप ही कमांड दाखवते, लायब्ररींचेसुद्धा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर थांबा, "जवळपास तीच बायनरी" असं काही नसतं. लायब्ररीही त्याच सर्व्हरवरून आणा आणि जीडीबीत सिसरूट (लायब्ररी कुठल्या फोल्डरखाली शोधायच्या ती सेटिंग) तिकडे वळवा, नाहीतर स्टॅक मध्येच प्रश्नचिन्हं दाखवतो.

आणि रिलीजच्या वेळीच डीबग सिम्बॉल (फंक्शनची नावं, लाईन नंबर वगैरे माहिती) ऑब्जकॉपी कमांडने वेगळे काढून जपून ठेवा, नंतर पुन्हा बिल्ड करून ते तसेच मिळतील याची खात्री नाही. ही सवय नसलेल्या टीमला कोअर मिळूनही फारसा उपयोग होत नाही.

जुळलं की बाकी सोपं: सगळ्या थ्रेडचा बीटी काढा, संशयित फ्रेमवर जा, लोकल व्हेरिएबल बघा. "ऑप्टिमाइज्ड आउट" दिसलं तर घाबरू नका, ओ-टू, म्हणजे कंपायलरने वेगासाठी ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये ते होतंच.

कोअर ग्रुपवर टाकू नका, मेमरीत असलेले पासवर्ड आणि टोकन त्यात जसेच्या तसे असतात.