वाचून झालेले, चालू असलेले, पुढे वाचायचे : पुस्तकांबद्दल एकमेकांना कसे सांगावे

पुस्तके वाचणारी माणसे एकत्र आली की नावे पुष्कळ निघतात. पण त्यांतले एखादे पुस्तक आपण हाती घ्यावे की नाही, हे ठरवायला उपयोगी पडेल असे फार थोडे बोलले जाते. ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढ्या शिफारशीवर कोणी वाचनालयाची पायरी चढत नाही. त्यापेक्षा सहा ते दहा वाचकांनी महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी बसावे आणि प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगाव्यात : नुकतेच काय वाचून संपवले, सध्या काय चालू आहे आणि यापुढे काय वाचायचे ठरवले आहे. मात्र या तिन्ही गोष्टी एकाच पद्धतीने सांगून चालत नाही. पहिलीत मत हवे, दुसरीत मत देण्याची घाई नको, आणि तिसरीत कारण हवे.

बसण्यासाठी घरापेक्षा सार्वजनिक वाचनालय बरे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क आणि ड वर्गांतील ग्रंथालये लहान गावांतूनही आहेत, आणि ग्रंथपालांना आधी भेटून विचारले तर वर्दळ नसलेल्या वेळी एखादा कोपरा मिळू शकतो. त्यांनाही बैठकीला बोलवावे. वाचकांना काय हवे आहे हे त्यांच्या कानावर गेले, तर पुढच्या पुस्तकखरेदीत त्याचा विचार होण्याची शक्यता वाढते. घरी बसल्यास चहापोह्यांतच निम्मा वेळ जातो. प्रत्येकाला आठ मिनिटे द्यावीत, एकाने घड्याळाकडे लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याने नोंदवही लिहावी.

वाचून झालेल्या पुस्तकाविषयी सांगताना आरंभी लेखकाबरोबर प्रकाशन आणि आवृत्तीचे वर्षही सांगावे, आणि पुस्तक अनुवादित असल्यास अनुवादकाचे नाव कधीही गाळू नये. हा कोरडा तपशील वाटतो, परंतु जुनी मराठी पुस्तके वेगवेगळ्या प्रकाशनांकडून पुन्हा निघतात, काही वेळा संक्षिप्त रूपातही निघतात, आणि एकाच परभाषिक कादंबरीचे दोन-तीन अनुवाद बाजारात असू शकतात. अशा वेळी नुसत्या नावावर शोध घेणाऱ्याच्या हाती भलतेच पुस्तक पडते. त्यानंतर पुस्तक कशाविषयी आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि लगेच पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवावा. उतारा आधीच खूण करून ठेवलेला असावा आणि एका पानापेक्षा मोठा नसावा. लेखकाची भाषा ऐकणाऱ्याच्या कानावर पडणे हे दहा मिनिटांच्या परीक्षणाहून अधिक मोलाचे असते, कारण आपल्याला ती रुचेल की नाही हे ऐकणारा स्वतःच ठरवू शकतो.

मत त्यानंतर द्यावे, आणि ते देताना पुस्तक कोणाला आवडेल व कोणाला आवडणार नाही, अशा दोन्ही बाजू मांडाव्यात. पाचपैकी चार तारे देऊन काहीही कळत नाही. ‘पहिली साठ पाने गावाच्या वर्णनात जातात, ज्यांना गोष्ट लगेच सुरू व्हायला हवी त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये’, असे सांगितले तर ऐकणाऱ्यांपैकी दोघे ते पुस्तक टाळतील आणि तिसरा नेमक्या त्याच कारणासाठी मागून घेईल. रहस्यकथेचा शेवट सांगू नये, हे सर्वांना ठाऊक असते. कौटुंबिक कादंबरीतील मृत्यू किंवा आत्मचरित्रातील एखादा गौप्यस्फोटही त्याच काळजीने राखावा, याचे भान मात्र कमी जणांना असते. अर्धवट सोडलेले पुस्तकही या भागातच सांगावे. कोणत्या पानावर सोडले आणि का सोडले, हे प्रामाणिकपणे सांगितले म्हणजे पुरे. बारीक टंक किंवा पानोपानी मुद्रणदोष ही कारणेही पूर्णपणे ग्राह्य आहेत. वयस्कर वाचकांना तर ती आधी कळलेलीच बरी.

चालू पुस्तकाविषयी थोडक्यात बोलावे. आपण कितव्या पानावर आहोत, पुस्तकाने आतापर्यंत कोणता प्रश्न उभा केला आहे आणि पुढे काय होईल असे वाटते, इतके सांगून थांबावे. ज्यांनी ते पुस्तक आधी वाचले आहे त्यांनी या वेळी गप्प राहणे हा नियम काटेकोरपणे पाळावा. ‘पुढे बघ, कशी गंमत आहे’ हेसुद्धा बोलू नये. एकाच वेळी अनेक पुस्तके वाचणाऱ्यांची, म्हणजे घरी जाडजूड चरित्र, लोकलमध्ये कथासंग्रह आणि सकाळी फिरताना ध्वनिपुस्तक, अशी सोय असलेल्यांची संख्या आता बरीच आहे. त्यांनी त्यांपैकी एकच निवडावे, अन्यथा सगळी बैठक त्यांचीच होते. सात-आठशे पानांचा ग्रंथ कित्येक महिने चालूच राहील. तेव्हा मागच्या बैठकीनंतर वाचलेल्या भागापुरतेच बोलावे.

पुढच्या वाचनाचा भाग बहुतेक ठिकाणी घाईत उरकला जातो, आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोगाचा तोच असतो. येथे प्रत्येकाने फार तर तीन नावे द्यावीत, ती का निवडली हे सांगावे आणि प्रत कुठून मिळवणार तेही सांगावे. नोंदवहीत ही नावे एका पानावर आली की दोघांना एकच पुस्तक हवे आहे, तिसऱ्याच्या कपाटात ते पडून आहे आणि चौथ्याच्या वाचनालयात त्याची प्रत आहे, असे तिथल्या तिथे उघड होते. मग विकत कोणी घ्यायचे, कोणी आधी वाचायचे, हा क्रम लावता येतो. उसने दिलेल्या प्रतीची तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि परतीचा महिना त्याच वहीत लिहावा. मित्राकडे पुस्तक परत मागणे अवघड जाते. वहीकडे बोट दाखवणे तितके अवघड जात नाही.

प्रत मिळत नसली की कोणीतरी संपूर्ण पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ मोबाइलवर पाठवतो. हे करू नये. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून पुढे ६० वर्षे हक्क राखीव असतात, आणि मूळ लेखकाचे हक्क संपले तरी अनुवादकाचे स्वतंत्रपणे चालू असू शकतात. चर्चेसाठी एखादा परिच्छेद नावानिशी उद्धृत करण्यास हरकत नाही. मोफत वाचायचे असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर खुली केली आहेत, तेथून सुरुवात करावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत पोचवतो आणि ठरावीक काळाने त्या गटागटांत बदलल्या जातात. दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी वाचकांपर्यंतही तो पोचला आहे, त्यामुळे जिथे मराठी वाचनालय नाही अशा शहरातील गटाने त्याची चौकशी अवश्य करावी.

दिवाळीच्या दोन-तीन महिन्यांत मात्र ही तीन भागांची चौकट बाजूला ठेवावी लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा पुस्तकाच्या हिशेबात बसत नाही, कारण दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारा विरळाच. त्यामुळे अंक ‘वाचून झाला’ असे सांगण्याऐवजी त्यातील एक कथा किंवा एक लेख निवडावा आणि अंकाचे नाव, वर्ष, लेखक व पृष्ठक्रमांक नोंदवहीत लिहावा. दोन वर्षांनी ती कथा शोधताना हीच नोंद कामी येते. खरेदी वाटून घ्यावी. प्रत्येकाने दोन वेगवेगळे अंक घेतले तर दहा जणांत वीस अंक होतात, आणि दर पंधरवड्याला ते पुढच्याकडे सरकवायचे ठरवल्यास होळीपर्यंत बहुतेक अंक बहुतेकांच्या हातून जातात. त्यानंतर संच फुटू न देता ज्या वाचनालयात बसतो त्याला द्यावा, आणि देण्यापूर्वी ग्रंथपालांना विचारून घ्यावे, कारण जुने अंक ठेवायला त्यांच्याकडेही जागा असतेच असे नाही.