ट्रॉलीची साखळी रस्त्याला घासतेय? या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉलीखाली ठिणग्या उडताना दिसतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला जोडणारी सुरक्षा साखळी डांबराला घासत चाललेली असते. इंजिन आणि टेपच्या आवाजात ड्रायव्हरला ते कळत नाही.

घासलेली कडी खालून झिजत जाते. वरून साखळी अख्खी दिसते, पण ट्रॉली जोडणारी हुकाची पिन निसटली तर पहिल्याच हिसक्याला तीच कडी तुटणार. तवंदी घाटाच्या उतारावर भरलेली ट्रॉली सुटली, तर तिला धरायला त्या साखळीशिवाय दुसरं काही नसतं. शिवाय रस्त्याकडेचं गवत तेव्हा वाळलेलं असतं आणि ठिणगीला तेवढं पुरतं.

मुळात साखळी लांब ठेवली जाते ती वळणासाठी. फडातून पाणंदीत आणि पाणंदीतून रस्त्यावर येताना ट्रॅक्टर जवळजवळ काटकोनात वळतो. साखळी आखूड असेल तर ताणते, म्हणून ड्रायव्हर सरळ दोन हात सैल सोडतो. त्याची अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय वेगळा आहे. दोन्ही साखळ्या ट्रॉलीच्या दांडीखालून (ट्रॅक्टरला जोडतो ती) फुली मारून लावा. डावीकडची ट्रॅक्टरच्या उजव्या कानात (साखळी अडकवायच्या भोकात), उजवीकडची डाव्या कानात. अशा लावल्या की वळताना कमी ढिलाई पुरते. पिन निसटलीच तर दांडी त्या फुलीवर येऊन बसते, रस्त्यात रुतत नाही.

दुसरी चूक जवळपास सगळेच करतात. साखळी लोंबते म्हणून तिला पीळ देऊन आखूड करतात. असं अजिबात करू नका. पीळ दिलेल्या कड्या एकमेकींवर आडव्या बसतात, ओढ सरळ येत नाही आणि साखळीची ताकद घटते. गाठ मारणंही तसंच. लांबी कमी करायची ती टोकाला: बोल्टाचा मजबूत शॅकल (U आकाराची जोडकडी) दोन-तीन कड्या अलीकडे घाला आणि उरलेला शेपटा ग्राइंडरनं कापा. दोन्ही बाजूंच्या कड्या मोजून सारख्या ठेवा. तुटलेल्या किंवा झिजलेल्या कडीला वेल्डिंग मारून घेऊ नका; उष्णतेनं चांगल्या साखळीचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. साखळीच बदला, आणि नवी घेताना भरलेल्या ट्रॉलीचं पूर्ण वजन एकेका साखळीला पेलेल अशी घ्या.

मोजमाप कधी घेता, हेही बघा. रिकामी ट्रॉली असताना साखळी बरोबर वाटते. ऊस भरला की दांडीवर भार येतो, ट्रॅक्टरची मागची बाजू दबते आणि तीच साखळी रस्त्याला टेकते. म्हणून भरल्यावर, सपाट जागी, खाली वाकून बघा. सर्वांत खालची कडी रस्त्यापासून निदान वीतभर वर हवी. मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून साखळी ताणत नाही ना, ते तपासा. वळणापुरती ढिलाई ठेवूनही मधे झोळ राहत असेल, तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून तो झोळ दांडीला वर टांगा. रबर ताणतं, वेळ आली तर तुटतं, साखळीच्या कामात आड येत नाही. बाइंडिंग तारेनं मात्र आवळून टाकू नका.

साखळीच्या टोकाचा हूक कानात खालून वर घाला आणि त्याची कळ लागली का बघा. वरून नुसता अडकवलेला हूक गतिरोधकावर उसळून बाहेर पडतो आणि मग अख्खी साखळीच फरफटते. साखळीचं टोक पिनेतच अडकवलं असेल तर साखळीचा उपयोगच नाही, कारण पिन गेली की तीही गेली. ते ट्रॅक्टरच्या चौकटीला वेगळ्या कानात हवं.

दोन ट्रॉल्या जोडता तेव्हा मधल्या जोडालाही हेच सगळं लागू आहे. तिथं पुष्कळदा साखळीच नसते. आणि कारखान्यावर ट्रॉली सोडलीत की मोकळी टोकं दांडीवरच्या हुकाला अडकवा, नाहीतर परतीच्या वाटेवर तीच फरफटत येतात.