पिकअपला उंच आणि अरुंद टायर: आधी पहार, मग दुकान

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, येडगावच्या अंगाला, पाटाच्या कडेला. घरापासून डांबरी सडकेपर्यंत दीड किलोमीटर कच्ची वाट आहे. टोमॅटो तोडणीला येतो तो पावसाळ्यात, आणि ह्या वाटेचा राडा होतो तोही तेव्हाच. बोलेरो पिकअप मी स्वतः चालवतो. माल बहुतेक नारायणगावच्या बाजारात जातो, कधी माळशेज घाट उतरून वाशीला.

गाडीला आलेले २१५/७५ आर १५ टायर झिजले तेव्हा मी दुकानात जाऊन जे दाखवलं ते घेतलं. रुंद, भरदार दिसणारे २३५/७५ आर १५. ‘रुंद टायर जास्त धरतो,’ असं तिथं सांगितलं गेलं आणि मला ते पटलं. त्याच जुलैत एका पहाटे टोमॅटोचे ६० कॅरेट (प्लास्टिकचे क्रेट) भरून निघालो. वस्तीच्या वळणावर गाडी थांबली ती चिखल खोल होता म्हणून नाही. पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे चिकट माती इतकी ठासून बसली होती की स्टेअरिंगच फिरेना. मी, बायको आणि पुतण्या, तिघांनी कॅरेट डोक्यावरून सडकेपर्यंत वाहिले. दुसऱ्याच्या टेम्पोनं बाजारात पोचलो तोवर लिलाव उरकला होता. तो सगळा माल पडत्या भावानं गेला.

तात्या, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून हे बघत होते. त्यांनी बरीच वर्षं जुनी जीप वडापला, म्हणजे प्रवासी वाहतुकीला, चालवली. तिला ६.००-१६ चे टायर असायचे, जेमतेम सहा इंच रुंद. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपलाही ह्याच मापाचे असत. तात्या एवढंच म्हणाले, “बैलगाडीचं चाक बघितलंय ना? उंच आणि बारीक. चिखल कापून खालची जमीन धरतं.” त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला, आणि आता त्याच गाडीला ७.०० आर १५ चे टायर आहेत. ज्यांना असा बदल करायचा आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाका. टायर रुंद केला की जमिनीला टेकणारा भाग आपोआप मोठा होतो असं नाही. टेकणारा भाग मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ह्या दोन गोष्टींवर ठरतो. मागच्या एका चाकावर ८०० किलो भार आणि ५५ पौंड हवा (दर चौरस इंचाला) धरा. ५५ पौंड म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण ३.९ किलो. भागाकार केला की २०५ चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतात. टायर १७ सेंटीमीटर पट्ट्याचा असेल तर हा ठसा १२ सेंटीमीटर लांब पडेल, १४ सेंटीमीटर पट्ट्याचा असेल तर पावणेपंधरा. हिशेब ढोबळ आहे, कारण टायरच्या भिंतीचा ताठपणाही थोडा भार उचलतो. मी मात्र टायरला गेरू फासून, जॅक खाली सोडून, पुठ्ठ्यावर ठसे घेतले आणि फरक डोळ्यांनी बघितला. अरुंद टायरचा ठसा लांबट आणि चिंचोळा पडतो.

ह्या लांबट ठशाचा फायदा असा, की चाक पुढे जाताना समोरचा चिखल कमी ढकलावा लागतो. रुंद टायर फावड्यासारखा माती पुढे लोटत राहतो. डांबरावर साचलेल्या पाण्याचंही तसंच. माळशेजमधे मुसळधार पावसात अरुंद टायर पाणी बाजूला सारून डांबर गाठतो, त्याच वेगात रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागण्याची शक्यता जास्त. ही गोष्ट नक्षी शाबूत असेल तोवरच, गुळगुळीत झालेला टायर कुठल्याही रुंदीचा असला तरी पावसात घसरणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात जाण्याआधी पहार घ्या आणि तुमच्या वाटेवर जा. चांगला पाऊस झाल्यावर, जिथं गाडी रुतते नेमकी त्या जागी, पहार सरळ खाली दाबा. वीतभर आत गेल्यावर पहार मुरमाला किंवा दगडाला लागून खणखणली, तर ती जागा अरुंद टायरची. चाक वरचा चिखल कापून त्या मुरमावर उभं राहील. पहार हातभर खाली गेली आणि तरी काही लागलं नाही, तर अरुंद टायर घेऊ नका. तिथं तो नांगराच्या फाळासारखा खाली जाईल आणि गाडी हौद्याच्या सांगाड्यावर बसेल.

आमच्याच वाटेवर दोन्ही प्रकार आहेत. पाटाच्या कडेला पूर्वी मुरूम टाकलेला आहे, त्यावर वीतभर चिखल असतो. खालच्या अंगाला चुलत्यांचं रान आहे, तिथं निव्वळ काळी माती. काळी माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी मऊ होते, आणि तिला तळच नसतो म्हटलं तरी चालेल. बैलगाडीची लोखंडी धावसुद्धा तिथं आसापर्यंत जायची. तिथं पावसाळ्यात मी पिकअप नेत नाही, कॅरेट ट्रॅक्टरनं सडकेवर आणतो. कोकणातल्या पुळणीवर, कोरड्या वाळूत किंवा भाताच्या खाचरातून जायचं असेल तर रुंद टायर आणि कमी हवा हाच मार्ग. तुमचं जास्त काम अशा जागी असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मापं वाचायला शिका. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १५ इंची. उंची काढायची तर २१५ चे ७५ टक्के १६१, त्याची दुप्पट ३२२, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की ७०३ मिलिमीटर. जुन्या पद्धतीच्या ७.०० आर १५ मधे रुंदी इंचात असते. त्यात भिंतीचा आकडा लिहिलेला नसतो, पण ती भरपूर उंच असते. हा टायर उभा मोजला तर कंपनीप्रमाणे ७४ ते ७५ सेंटीमीटर भरतो. म्हणजे माझ्या मूळ टायरपेक्षा रुंदी कमी आणि उंची साधारण सहा टक्क्यांनी जास्त. उंची वाढते त्याच्या निम्मीच गाडी वर जाते, त्यामुळे गाडीचं पोट माझ्याकडे दोन-सव्वादोन सेंटीमीटरनं उचललं गेलं. ऐकायला कमी वाटतं, पण चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पूर्वी पोटाला घासायचा तो आता घासत नाही.

मी ७.०० निवडला त्याचं मोठं कारण असं, की बोलेरो पिकअपच्या जड वजनाच्या प्रकारांना कंपनीच हे माप देते. तुमची गाडी कोणतीही असो, आधी हेच शोधा: त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीनं उंच-अरुंद माप दिलं आहे का? असेल तर तेच घ्या. मनानं माप ठरवून गाडी उंच करत सुटलात तर नोंदणी, पासिंग आणि विमा, तिन्हीकडे अडचण येऊ शकते. आणि टायर जाड घेतला म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. आरसी पुस्तकात जे वजन आहे तेवढंच भरा. घाटात ब्रेक तेच असतात आणि खाली माणसं असतात.

टायरच्या भिंतीवर वजनाचा आकडा असतो, तो रुंदीपेक्षा आधी बघावा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे ११२०. तिरक्या रेघेनं दोन आकडे दिले असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घ्या, नुसतं मागचं धुरं (मागची दोन्ही चाकं) काट्यावर ठेवून वजन करा आणि दोननं भागा. त्या आकड्याच्या वर मोकळी जागा ठेवून टायर निवडा. मापाला एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर) लिहिलेलं असावं. प्रवासी गाड्यांचा टायर माप जुळतं म्हणून बसेल, पण त्याची भिंत मऊ असते आणि भरल्या गाडीला ती डुलते. आयएसआय खूण आणि बनावटीचा आठवडाही बघा. चार आकड्यांत २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही.

रिमच्या बाबतीत लोक सर्रास चुकतात. अरुंद टायर रुंद रिमवर ओढून बसवला की त्याच्या भिंती फाकतात आणि कडा रिमला नीट धरत नाही. ७.०० ला साडेपाच इंची रिम योग्य. जुनी रिम कितीची आहे ते तिच्यावरच कोरलेलं असतं. माझ्या रिम रुंद होत्या म्हणून मी रिमही बदलल्या, स्टेपनीसकट पाच. खर्च वाढला, पण ह्यात तडजोड नको. बोल्टची भोकं आणि मधलं भोक जुळतंय ना, हे एक रिम प्रत्यक्ष चढवून बघा आणि मगच बाकीच्या घ्या. माझे टायर ट्यूबचे आहेत. ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवीन घ्या, जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून फाटते.

बसवण्याआधी जागा मोजायची ती भरल्या गाडीवर. रिकाम्या गाडीत मडगार्डखाली भरपूर जागा दिसते, मग ६० कॅरेट चढले की पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बसतात आणि जागा निम्मी होते. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून टायर कशाला लागतो का बघा. पाटा किंवा मडगार्ड आणि टायर ह्यांच्या मधून हाताची चार बोटं सहज जावीत, तेवढी जागा चिखलाला बाहेर पडायला लागते. माझा जुलैतला तो सगळा त्रास ह्या चार बोटांच्या जागेपायी झाला होता. स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसते का आणि चाक पंक्चर असताना तुमचा जॅक पुरेसा वर जातो का, हेही त्याच दिवशी करून बघा.

नक्षी कोणती? मी पुढे सरळ रेषांची घेतली, मागे आडव्या खोल खाचांची. पुढच्या चाकांनी वळायचं असतं, सरळ रेषा आडव्या घसरण्याला अडवतात. मागच्यांनी ढकलायचं असतं, खाचा चिखल फेकून देतात. मागच्या टायरचा डांबरावर आवाज येतो, तो सोसावा लागतो. एकाच धुऱ्यावर नायलॉन (आत तिरक्या दोऱ्यांचे, जुन्या पद्धतीचे) आणि रेडियल टायर मिसळू नका, आणि मागच्या दोन्ही चाकांचा घेर टेपनं मोजून सारखा आहे ना बघा. तो वेगळा असेल तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) सतत काम करत राहतं आणि झिजतं. फक्त मागचे दोन उंच करून पुढचे जुने ठेवणारेही भेटतात. गाडी नाकावर झुकते, दिव्यांचा झोत जवळ पडतो. चारही एकदम बदला.

बदलल्यावर काही गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. चाक उंच झाल्यानं वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा माझी गाडी ६४ च्या आसपास असते. म्हणून ८० च्या हद्दीत मी काटा ७५ वर ठेवतो. ओढ तेवढीच कमी झाली आहे. घाट चढताना पूर्वी तिसऱ्यात जायची त्या वळणावर आता दुसरा टाकतो, आणि उतरतानाही दुसराच ठेवतो. कोरड्या डांबरावर जोरात वळण घेतलं तर उंच भिंतीमुळे गाडी जास्त डुलते, भरलेली असेल तर आणखीच. ब्रेकलाही थोडं आधीपासून पाय द्यावा लागतो. अ‍ॅव्हरेज काढताना चूक होते ती वेगळीच: किलोमीटरचा आकडा आता खऱ्या अंतराहून कमी पडतो, त्यामुळे डिझेल जास्त लागतंय असं वाटतं. फोनच्या नकाशावर अंतर मोजून मगच हिशेब करा.

हवेचा आकडा मित्राला विचारून भरू नका. गाडीच्या पट्टीवर त्या मापासाठी दिलेला आकडा घ्या, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा वेगवेगळा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. वाशीहून आल्यावर तापलेल्या टायरात हवा वाढलेली दिसते, ती सोडायची नसते. चिखलात अडकलातच तर थोडी हवा कमी करून हळू बाहेर या, पण सडकेला लागताच परत भरा. त्यासाठी मी सीटखाली बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवतो.

नवे टायर बसवल्यावर पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट परत आवळून घ्या, एकाआड एक, समोरासमोरचे. अलाइनमेंट त्याच आठवड्यात करा. आणि पहिली खेप भरून नेण्याआधी पावसातल्या एका दिवशी रिकामी गाडी घेऊन तुमच्या त्या वळणावर एकदा जाऊन या. उतरून मडगार्डखाली वाकून बघा, माती अडकून बसली आहे की चाकाबरोबर निघून जाते आहे.