504 आली की आधी रीस्टार्ट मारू नका

"ताई, साइट नुसती गोल गोल फिरतेय." दिवाळीला आठ दिवस असताना रात्री साडेनऊला फोन. कुरिअरने फराळ पाठवणारं दुकान, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर मीच बांधलेली साइट, 2 जीबी रॅमचा सर्व्हर. मी घाईघाईने रीस्टार्ट मारला. पाच मिनिटं बरं चाललं, मग पुन्हा तेच. वर, अडकलेल्या क्वेऱ्या (साइटने डेटाबेसला विचारलेले प्रश्न) दिसल्या असत्या त्याही पुसल्या गेल्या.

आता मी आधी ब्राउझरमधल्या एररचा आकडा वाचते. 502 म्हणजे एनजिनएक्सला (पुढे उभा राहून विनंत्या घेणारा वेब सर्व्हर) मागून धड उत्तरच आलं नाही. बहुतेकदा पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, पडलेलं असतं. 504 म्हणजे मागे कोणीतरी जिवंत आहे, पण वेळेत बोलत नाही. ही मुदत मूळची 60 सेकंदांची. ती 300 करून ठेवणारेही भेटतात. चकलीसाठी गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबणार आहे होय?

मग एफपीएमचा लॉग. त्यात 'मॅक्स_चिल्ड्रन'ची (एका वेळी किती पीएचपी प्रोसेस चालतील) मर्यादा गाठल्याची ओळ होती, मर्यादा 5. मी थेट 40 केली आणि दहा मिनिटांत मेमरी संपली, तेव्हा कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मायएसक्यूएललाच मारलं. एक प्रोसेस साधारण 60 एमबी खात होती. चाळीस गुणिले साठ, 2400 एमबी. सर्व्हरच 2 जीबीचा! डेटाबेस आणि बाकीच्यांसाठी 1 जीबी बाजूला काढा, उरलेल्याला 60 ने भागा. मी 16 वर थांबले.

पण मुळातल्या त्या पाच प्रोसेस अडकल्या कशात होत्या? मायएसक्यूएलमध्ये 'शो फुल प्रोसेसलिस्ट' (आत्ता चालू असलेल्या क्वेऱ्यांची यादी) चालवलं, तर एकच क्वेरी पुन्हा पुन्हा. दुकानातलं 'आजच्या ऑर्डरी' हे पान. पॅकिंगवाल्यांच्या चार फोनवर उघडं, दर दहा सेकंदांनी आपोआप रीफ्रेश होणारं, आणि एकेका वेळी सात-आठ सेकंद खाणारं. गिऱ्हाइकांना उरलं काय?

क्वेरीत मी लिहिलं होतं: डेट(क्रिएटेड_ॲट) = आजची तारीख. कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) होता, पण कॉलम असा फंक्शनात गुंडाळला की तो साधा इंडेक्स कामाला येत नाही. क्वेरी कशी चालणार ते दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन'मध्ये टाइपखाली 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल वाचणं, ओळी सव्वातीन लाख. अट बदलली: क्रिएटेड_ॲट आज मध्यरात्रीपासून पुढे, आणि उद्याच्या मध्यरात्रीच्या आत. टाइप 'रेंज', म्हणजे इंडेक्समधला तेवढाच तुकडा, ओळी सहाशेच्या आसपास. शिवाय प्रत्येक ऑर्डरच्या वस्तूंसाठी लूपमध्ये वेगळी क्वेरी होती (हे पाप माझंच), ती 'इन' (सगळ्या ऑर्डरींची यादी एकदम देणारी अट) लावून एका क्वेरीत आणली. पान अर्ध्या सेकंदाच्या आत उघडू लागलं.

आता कोजागिरीलाच मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग (रेंगाळणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद) सुरू करते. तो मुळात बंद असतो, आणि 'लाँग_क्वेरी_टाइम', म्हणजे किती सेकंदांपुढची क्वेरी नोंदायची ती मर्यादा, मुळात 10 सेकंद असते. ती 1 करा. चालू मायएसक्यूएलमध्येच 'सेट ग्लोबल' या कमांडने केलेला हा बदल आधीच उघड्या कनेक्शनना लागत नाही आणि रीस्टार्टनंतर उडतो, म्हणून कॉन्फिग फाइलमध्येही लिहा.